तेरावं झाड

वाशीम, ता. ९ जुलै १९२१

भाऊ,

इथूनच पाया पडते. समोर असतास तर पाय मागं घेतले असतेस, म्हणून लांबून पडलेलं बरं.

आता भांडण. तू मेलास, आणि सख्ख्या बहिणीला साधं कार्डही टाकलं नाहीस?

हसू नकोस, पुढं वाच. कचेरीच्या मागं जुना कोंडवाडा होता ना, जिथं आपली कबरी गाय एकदा अडकली होती, तो मोडून सरकारनं बाग केली आहे. लढाईवर गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या नावाची. तालुक्यातली सतरा माणसं. प्रत्येकाचा गुडघ्याएवढा दगड आणि दगडापाशी कडुनिंबाचं एक रोप. काल हे वकिलाच्या दप्तरातून यायचे होते, तोवर मी शेजारच्या गोमतीबाईला घेऊन बाग बघायला गेले. गोमतीबाईला अक्षर येत नाही, म्हणून मी एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवत होते. तेराव्या दगडाशी आले आणि वाचलं: इंद्रभान वल्द जानराव, मौजे आंबदरा, बसरा, १९१८.

आधी मला हसूच आलं. चार वर्षांमागं तू भरतीला गेलास आणि छाती कमी भरली म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण मग गोमतीबाईनं विचारलं, कोण गं हा? आणि मला 'माझा भाऊ' म्हणता येईना. जिवंत माणसाचं नाव अशा जागी घेऊन सांगायचं कसं? मी म्हटलं, आमच्या गावचा आहे कुणी.

तिथला माळी, चंपत, सांगत होता की झाडाच्या मुळाशी घरच्या शेतातली टोपलीभर माती घालायला घरच्यांनी यायचं, असा हुकूम आहे. म्हणजे बाबांनाही तसा कागद आला असेल. बाबांनी काय उत्तर दिलं? ही चूक लवकर सुधारा. मला हे बरं वाटत नाही.

तुझी विजू

आंबदरा, ता. १७ जुलै १९२१

चि. विजूस,

मेलेल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी स्वतःला चिमटा काढून पाहिला. दुखलं. म्हणजे अजून आहे. अगं, ज्याच्या मरणाची बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं असं माय म्हणायची, विसरलीस का? मग मी आता शंभरी गाठतो आणि तुझ्या नातवांच्या लग्नात बुंदी खातो.

झालं ते इतकंच. भरतीच्या यादीत माझं नाव चढलं होतं, ते परत आल्यावर कारकुनानं खोडलं नाही. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, कचेऱ्या अशाच चालतात. बाबांना ठाऊक आहे, ते पाहतील. आपण मधे तोंड घालण्यात अर्थ नाही, आणि जवाईंनीही कचेरीत काही विचारू नये.

एक सांगतो ते ऐक. त्या बागेत पुन्हा जाऊ नकोस. आणि गावाकडचं कुणी वाशीमला आलं तर त्यांना तर मुळीच नेऊ नकोस. उगाच गावात चर्चा होते.

इकडं पेरण्या आटोपल्या. तूर बरी उगवली आहे.

इंद्रभान

वाशीम, ता. २१ ऑगस्ट १९२१

भाऊ,

तू जाऊ नको म्हणालास, म्हणून गेले. माझा स्वभाव तुला काय नवा आहे?

चंपत माळ्यानं सांगितलं ते लिहिते. गेल्या बुधवारी बाबा आले होते. आपल्या छकड्यातून, एकटे. टोपलीत काळी माती होती. तेराव्या झाडाशी त्यांनी ती स्वतःच्या हातानं घातली, कागदावर सही केली आणि निघून गेले. चंपत म्हणाला, "बाकीचे माय-बाप रडले जी. पाटील रडले नाही. पन घामानं वले झाले होते."

माझं घर बागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. बाबा वाशीमला आले आणि माझ्या दारात आले नाहीत, असं लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

भाऊ, चूक कारकुनाची होती ना? मग बापानं जिवंत मुलाच्या नावाच्या झाडाला माती का घातली? नाव खोडून घ्यायला गेलेला माणूस सही करून कसा येतो?

आणखी एक. सोळा रोपं तरारली आहेत. तुझ्या रोपाची पानं गळून नुसती काडी उरली आहे. माती चांगली काळी आहे, पाणीही सगळ्यांबरोबर मिळतं. चंपत तिथून जाताना मान वळवून जातो. मी त्या काडीला रोज तांब्याभर पाणी घालते आहे. तुला खोकला वगैरे नाही ना?

विजू

आंबदरा, ता. ४ सप्टेंबर १९२१

विजू,

पोळा झाला. खोकला नाही.

रिसोडच्या पाहुण्यांनी सोयरीक मोडली. त्यांचा कुणी भाचा तुमच्या बागेत फिरायला गेला होता. ज्याचं नाव मेलेल्यांच्या दगडावर आहे त्याला पोरगी देणार नाही म्हणाले. बाबा त्यांना काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

तू पाणी घालू नकोस. काही विचारू नकोस. एकदा तरी माझं ऐक.

इंद्रभान

वाशीम, ता. २५ सप्टेंबर १९२१

भाऊ,

तुझं ऐकायला हवं होतं असं आज पहिल्यांदा वाटलं. पण का ऐकायला हवं होतं ते अजून कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

परवा सकाळी दारात हिरीकाकू उभी. आपल्या नाल्याकाठची हिरीबाई, देवलाची आई. डोक्यावर वांग्यांची पाटी, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. मला आनंदच झाला. लहानपणी तू, मी आणि देवला तिच्या वाफ्यातल्या काकड्या चोरायचो आणि ती सगळं दिसूनही आंधळी व्हायची. चहा केला. देवला कुठं असतो विचारलं, तर पदराआड हसली आणि म्हणाली, "तुले नाही ठाव? राहू दे मंग."

मग म्हणाली की पलटणीत गेलेल्या पोरांच्या नावानं सरकारनं झाडं लावली आहेत असं तिनं बाजारात ऐकलं. तिला एक झाड बघायचं होतं. मी विचारलं, कुणाचं? तर म्हणाली, "इंद्रभानच्या नावाचं."

मला वाटलं, तुझ्यावरची माया. घेऊन गेले. झाडाशी बसून तिनं फडकं सोडलं. त्यात तिच्या वाफ्यातली माती होती. ती त्या काडीच्या बुडाशी घातली, हातानं थापली, आणि म्हणाली की पोरगा परत येईल तोवर सावली धरेल. मी हसत म्हटलं, काकू, ही परत येणाऱ्यांची बाग नाही, मेलेल्यांची आहे. भाऊचं नाव चुकून पडलंय.

तिचा हात तसाच मातीवर राहिला. "मेलेल्यायची?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "काय लिवलं हाय ते वाचून दे."

मी वाचलं. बसरा, १९१८. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तीनदा वाचलं मी. ती रडली नाही. पदरानं दगड पुसत राहिली, आणि म्हणाली, "चुकून नाही पडलं, माय. तीन सालापासून पाटील मले सांगून राह्यले का खुशाल हाय."

कोण खुशाल आहे, ते तिनं सांगितलं नाही. वांग्यांची पाटी माझ्याच दारात विसरून गावच्या वाटेनं चालत गेली. पितरपाटाचे दिवस आहेत भाऊ, आणि माझ्या अंगावरचा काटा दोन दिवस झाले बसत नाही. मी काय वाचून दाखवलं तिला?

विजू

आंबदरा, ता. ३ ऑक्टोबर १९२१

विजू,

तू तिला तिच्या मुलाचं मरण वाचून दाखवलंस. दोष तुझा नाही. आमचा आहे, आणि त्यातही आधी माझा.

छाती कमी भरली हे खोटं होतं. डॉक्टरपर्यंत मी गेलोच नाही. साहेबाला खूश करायला बाबांनी यादीत पहिलं नाव माझं घातलं होतं, आणि गावभर मिरवलं होतं. जायच्या दिवशी देवलानं छकडा हाकून आम्हाला स्टेशनावर आणलं. बाबा साहेबाशी बोलायला पुढं गेले. गाडी लागली, आणि विजू, माझा पाय पायरीवर चढेना. लहान मुलासारखा रडलो. देवलानं माझ्या हातातली भरतीची चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, "कागदावर कोनाचं तोंड थोडंच काढलं हाय? तू बैलं घेऊन घरी जाय. सांजच्याले मायले सांगजो." आणि चढला. मी दिली चिठ्ठी. नको म्हणालो नाही.

बाबांना कळलं तेव्हा गाडी सुटली होती. ते म्हणाले, झालं ते बरंच झालं, तोंड शिवून ठेव. हिरीकाकूला मी त्या संध्याकाळी सांगायला गेलोच नाही, बाबाच गेले. देवला माझ्या नावावर गेला आहे, परत आला की नाल्याकाठचा आपला तुकडा त्याला देऊ, असं सांगितलं. पुढच्या वर्षी, माय तापानं गेली त्याच आठवड्यात, तार आली. इंद्रभान मेला म्हणून. खरं सांगावं तर सरकारला फसवलं म्हणून पाटीलकी जाणार आणि बापलेक तुरुंगात. बाबांनी तार चुलीत घातली. आणि हिरीकाकू दर बाजाराला विचारायची तेव्हा बाबा सांगायचे, पलटण अजून तिकडंच आहे, खुशाल आहे. मीही सांगायचो. तिच्या हातची काकडी खात सांगायचो.

वाशीमहून आल्यापासून ती रोज सकाळी आपल्या अंगणासमोर येऊन उभी राहते. शिव्या देत नाही, हंबरडा फोडत नाही. बाबा बाहेर आले की तेवढंच म्हणते, "मले काई नोको, पाटील. दगडावर देवला लिवा." आणि निघून जाते. काल बाबांनी तिच्यासमोर दार लावून घेतलं. मी आत कडीशी उभा होतो.

आता तूच सांग, माझ्यासारख्याचं नाव त्या दगडावर आहे त्यात चूक काय?

इंद्रभान

वाशीम, ता. ३ नोव्हेंबर १९२१

भाऊ,

महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मला तुझा राग आला नाही, किळस आली. ते लिहून मोकळी होते, कारण मनात ठेवलं तर सडेल.

तरीही काल भाऊबीजेला मी तुझी वाट पाहिली. त्या दिवशी यम बहिणीच्या घरी जेवतो आणि बहिणीनं ओवाळलेल्या भावाला हात लावत नाही, असं आपण ऐकत आलो. दरवर्षी तुला बोलावते ते त्यासाठीच. तू आला नाहीस. शेवटी चंद्राला ओवाळलं. गोमतीबाई गच्चीवरून म्हणाली, भाऊ नसलेल्या बायका तसंच करतात. तिला कुठं ठाऊक?

अकरा तारखेला बागेत समारंभ आहे. मोठे साहेब येणार, दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहणार, मग एकेका घरच्याला सनद देणार. बाबांचं नाव छापलेल्या कागदावर आहे. यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बागेत जायची बंदी केली. आपण वकिलाच्या भाकरीवर आहोत, म्हणाले.

पण चंपतकडून कळतं. तुझी ती काडी पालवली. हिरीकाकूनं तिची माती घातली त्यानंतर पंधरा दिवसांत कोंब आले, आणि आता ते झाड बाकीच्या सोळांच्या वर गेलंय. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. मला भीती वाटते.

बाबांनी ती सनद हातात घेण्याआधी तू काहीतरी कर. नंतर करता येणार नाही.

विजू

आंबदरा, ता. १६ नोव्हेंबर १९२१

विजू,

मी काही केलं नाही. अकराला बाबा गेले आणि सनद घेऊन आले. ती देवघराशेजारी खिळ्याला लावली आहे. येणारे-जाणारे तिला हात जोडतात, मग मी दिसलो की खाली बघतात.

आज बाबा रिसोडला गेले होते तेव्हा मी गावची जन्म-मृत्यूची वही उघडली. त्यात बाबांच्या अक्षरात नोंद आहे: इंद्रभान वल्द जानराव, वय २३. शाई जुनी नाही. कागदाला कागद जुळावा म्हणून त्यांनी ती आता घातली असणार. बापानं माझं मरण सुवाच्य अक्षरात लिहिलंय, एकही खाडाखोड नाही.

येत्या सोमवारी कचेरीत येतो. मी जिवंत आहे, मेला तो देवला, दगड बदला, असं सांगणार. शिक्षा होईल ती होवो. स्टेशनावर जो पाय उचलला नाही तो आता उचलतो. दुपारी तुझ्याकडं जेवेन. ओवाळायचं राहिलंय तेही उरकून घे.

इंद्रभान

वाशीम, ता. २ डिसेंबर १९२१

भाऊ,

सोमवारी तुरीचं वरण आणि पानगे केले होते. ताट वाढून बसले. तू आला नाहीस. संध्याकाळी हे आले, जेवले आणि हात धुतले. त्यानंतर आजवर माझ्याकडं नीट बघत नाहीत.

चंपत सांगतो, कचेरीत एक वेडा धरून ठेवला होता. बागेतल्या दगडाकडं बोट दाखवून हा मी आहे म्हणायचा. पुढं त्याचं काय झालं त्याला ठाऊक नाही. बाबांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.

तुझ्या हातची एक ओळ पाठव. काहीही लिही, फक्त अक्षर तुझं असू दे.

विजू

आंबदरा, नाल्याकाठी, ता. १८ डिसेंबर १९२१

विजू,

अक्षर माझं आहे. बाकी काय माझं उरलंय ते तूच वाचून ठरव.

सोमवारी मी कचेरीत सगळं सांगितलं. अधिकारी भला होता, शांतपणे ऐकलं. म्हणाला, सनद दिली आहे, गावच्या वहीत मृत्यू आहे, दगडावर नाव आहे, तू इंद्रभान असल्याचा तुझ्याकडं कागद कोणता? माझ्याकडं मी होतो, आणखी काही नव्हतं. मला तीन दिवस बसवून ठेवलं. गावातून बाबांना, दोन पंचांना आणि हिरीकाकूला बोलावणं गेलं.

तुला हे आधी कळायला हवं, म्हणून लिहितो. पहिल्याच दिवशी जवाईंनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, मेव्हण्याला लग्नात एकदा पाहिलं होतं, खात्रीनं सांगता येत नाही. त्यांना बोलू नकोस. तुझा संसार आहे.

मग बाबा आले. वही काखेत होती. अधिकाऱ्यानं विचारलं, हा तुमचा मुलगा का? बाबांनी माझ्याकडं पाहिलं. इतकं नीट तर त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. आणि म्हणाले, "माहा पोरगा बसऱ्यात गेला, सायेब. सनद घरी लावेल हाय. हा देवला. हिरीचा." पंचांनी आधी बाबांच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्यांचं ऐकून तेच सांगितलं.

अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. मला म्हणाला, खोटं बोलत असशील तर तुरुंग आहे, खरं वाटून बोलत असशील तर नागपूरला वेड्यांचं इस्पितळ आहे. मग हिरीकाकूला पुढं बोलावलं आणि म्हणाला, बाई, नीट बघून सांग.

ती जवळ आली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. तिच्या हाताला मेथीचा वास होता. मी मनात म्हणत होतो, सांग काकू, खरं सांग. पाटलापुढं तिचं कुणी मानलं नसतं हे खरं, पण निदान एका सरकारी कागदावर देवला बसऱ्यात मेला एवढं लिहिलं गेलं असतं. त्यासाठीच तर ती दोन महिने आपल्या अंगणासमोर उभी होती. आणि मी नागपूरला गेलो असतो.

ती म्हणाली, "हो सायेब. माहाच देवला हाय. डोक्शानं जरा कमी झाला. मी घेऊन जातो घरी."

तिनं अंगठा उठवला. संपलं. जो जिवंत आहे असं त्याच्या आईनंच सांगितलं, त्याचं नाव आता मेलेल्यांच्या दगडावर कधीच येणार नाही. विजू, तिनं माझ्यासाठी देवला दुसऱ्यांदा दिला. या खेपेलाही मी नको म्हणालो नाही.

कचेरीतून आम्ही दोघं गावाकडं चालत निघालो. बाबांचा छकडा बाजूनं गेला, थांबला नाही. मी रस्त्यातच तिच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, "मी नाव मागाले आलो व्हतो. नाव काई भेटलं नाही. आता तुलेई सोडलं त माह्या हातात काय राह्यते?" मग म्हणाली, "तो तुले घरी जाय म्हने ना, सांजच्याले मायले सांगजो म्हने? चाल मंग. सांग मले."

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. स्टेशन, चिठ्ठी, तो कोणत्या डब्यात चढला, अंगात कोणता सदरा होता. चार वर्षं उशिरानं.

आता मी तिच्याकडंच राहतो. बाबांनी गावात ताकीद दिली आहे, सगळे मला देवला म्हणतात. लहान मुलं तर खरंच समजतात. ती मला त्याच्या थाळीत वाढते. अमावास्येला तिनं कावळ्यासाठी एक पान बाहेर ठेवलं आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. कुणाचं नाव घ्यावं ते तिला कळेना. मलाही कळलं नाही. पान तसंच राहिलं.

तू बागेत जाशील तेव्हा तेराव्या झाडाला पाणी घालत जा. आता घाल म्हणतो. त्याच्या मुळाशी दोन घरांची माती आहे, पण ते वाढलं कोणत्या मातीवर ते तू पाहिलंच आहेस.

पुढच्या भाऊबीजेला येईन. मागच्या दारानं येईन, डोक्यावर वांग्यांची पाटी असेल. ओवाळताना नाव घेऊ नकोस. कुणी विचारलं, तर हिरीबाईचा पोरगा भाजी घेऊन आला म्हणून सांग.

देवला